शाळेकडे जाणारी सायकल

आमच्या सोसायटीच्या फाटकावर परवा नवी पाटी लागली. 'प्रचारासाठी आलेल्यांनी बेल वाजवू नये. आमचं ठरलेलं आहे. काय ठरलं आहे ते विचारू नये.' मजकूर सेक्रेटरींचा, अक्षर माझं. माझी सत्तरी जवळ आली, तरी कोथरूडमध्ये कुणाला हाताने लिहिलेली पाटी हवी असली की माझ्याकडे येतात. सेक्रेटरी म्हणाले, "नसीमताई, जरा ठसठशीत येऊ द्या. लोकांना वाचता येतं, पण वाचायचं नसतं." मी काळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं काढली आणि शेवटच्या ओळीखाली एक बारीक लाल रेघ ओढली. ती रेघ कुणी सांगितली नव्हती, मी माझ्या समाधानासाठी ओढली.

तर, पुन्हा लोकसभेची निवडणूक आली. मे महिन्याचं ऊन, दारोदार आंब्याच्या पेट्या आणि रिक्षेवर बांधलेला भोंगा. उमेदवार आता फोनवरच येतो. परवा एकाने मला नावाने हाक मारून नमस्कार केला, म्हणून मीही चौकशी करायला लागले, तर नात म्हणाली, "नानी, तो रेकॉर्डेड आहे. त्याला ऐकू येत नाही." मी म्हटलं, पूर्वी समोर उभे असायचे त्यांनाही कुठे यायचं. ती हसली, फोन बंद केला आणि अभ्यासाला बसली. मी गॅलरीत उभी राहून खालचा रस्ता बघत राहिले. सगळं होतं, पण काहीतरी राहिलं होतं, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की वास नाही. निवडणुकीला वास असायचा. ओल्या चुन्याचा, सरसाचा आणि गेरूचा.

अब्बा पेंटर होते. रविवार पेठेत, एका अत्तरवाल्याच्या आणि एका दोरवाल्याच्या मधे त्यांचं अरुंद दुकान होतं. आमचं घराणं पुण्यात किती पिढ्या आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. आपले पणजोबा हत्तीच्या अंबारीवर नक्षी काढायचे असं ते म्हणत, आणि अम्मी आतून म्हणे, "हत्ती नसेल. टांगा असेल." घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, पण अब्बांच्या भिंतीवर जी मराठी उमटायची ती अशी की सदाशिव पेठेतले लोकही चष्मा वर करून बघत आणि काही न बोलता पुढे जात. काही न बोलता गेले की अब्बा खूश व्हायचे.

पुण्यातून दिल्लीला कोण गेलं हे इतरांना वर्तमानपत्रातून कळायचं, मला भिंतींवरून कळायचं. या मतदारसंघाचा इतिहास मला आजही रंगांच्या थरांतूनच आठवतो. अगदी पहिली निवडणूक मी पाहिलेली नाही, पण अब्बांनी ती इतक्या वेळा सांगितली की पाहिल्यासारखीच आहे. तेव्हा म्हणे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह असायचं. बायका पेटीला हात लावून नमस्कार करायच्या आणि एखादी पदरातलं फूलही वाहून यायची. शहराचे तेव्हा दोन मतदारसंघ होते, पुढे एक झाला. "आपल्याला काय," अब्बा म्हणायचे, "भिंती तेवढ्याच राहिल्या." बैलजोडीचे दिवस होते ते. अब्बांचे बैल प्रसिद्ध होते. विरोधी पक्षाची माणसंसुद्धा थांबून त्या बैलांचे डोळे बघायची आणि मग आपल्या सभेला जायची.

त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राचं वारं आलं. सारं शहर पेटून उठलं होतं. ज्याच्या त्याच्या घरात कोळसा होता आणि जो तो उठून आपल्याच भिंतीवर लिहीत होता. पेंटरची वाट कोण बघणार. अब्बा तेव्हा स्वतःही मोर्चात जात, घसा बसवून घरी येत, आणि मग हातपाय धुऊन म्हणत, "इतकी मोठी निवडणूक, आणि धंद्याला काडीचा उपयोग नाही."

पानशेतचा पूर मात्र मला आठवतो. मी लहान होते, कुणाच्या तरी कडेवर होते, आणि खालून पाण्याचा एक जड आवाज येत होता. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर भिंतींवर एक तपकिरी रेघ राहिली, शहरभर, अगदी समपातळीत. पुढच्या वर्षी निवडणूक आली. नेहमी अब्बा भिंतीवर ओळ आखायला निळीत बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायचे आणि मधे चिमटीत पकडून सोडायचे. फट्‌ असा आवाज यायचा आणि निळी रेघ उमटायची. त्या वर्षी नदीकाठच्या भिंतींवर त्यांनी दोरी काढलीच नाही. पुराच्या रेघेवरच अक्षरं उभी केली. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "धरणाने आखून दिलीय. माझ्यापेक्षा सरळ आहे." पुण्याने ती निवडणूक चिखलाच्या रेघेवर उभं राहून लढवली असं मला अजून वाटतं, आणि त्याचा अभिमानही वाटतो. घरं सावरली नव्हती, तरी माणसं रांगेत उभी होती.

भिंतींचा एक धर्म होता. ज्याने आधी कोपऱ्यात गेरूने आपल्या पक्षाची खूण केली त्याची भिंत. निकाल लागेपर्यंत तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सभांमधून एकमेकांची सालटी काढणारे लोक हा नियम पाळायचे. अब्बा सगळ्यांसाठी लिहायचे, आणि अमक्याला मत देणार का म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, "माझं मत पेटीत आहे, भिंतीवर तुमचं." त्यांचा आणखी एक नियम होता. तो मात्र फक्त त्यांचा. चालणारं चिन्ह असेल, म्हणजे बैल, घोडा, सायकल, तर त्याचं तोंड मतदान केंद्राकडेच हवं. मतदान बहुतेक शाळेत असायचं. भिंतीसमोर उभं राहून शाळा कुठल्या हाताला आहे ते आधी बघायचं, मग ब्रश उचलायचा. छत्री, तराजू, पणती यांना तोंडच नसल्यामुळे अब्बा त्यांना सुट्टीचं काम म्हणायचे.

मी दुकानात रंग भरायचे. चिन्हाची आणि अक्षरांची बाहेरची रेघ अब्बांची, आतली भरण माझी. शिडीवर चढायचं नाही. का, तर लोक खालून बघतात. मी म्हणायचे, "बघण्यासाठीच तर लिहितो ना आपण." यावर अब्बा ब्रश धुवायला घ्यायचे. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. अब्बांच्या मागे दुकान कुणी चालवायचं हा प्रश्न घरात निघत नसे, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं की कुणीच नाही. मला पेंटर व्हायचं होतं. दुसरं काहीही नको होतं, आणि हे मी कुणाला सांगितलेलंही नव्हतं. सांगून नाही ऐकण्यापेक्षा न सांगणं बरं वाटायचं.

त्यात एकाहत्तर सालची निवडणूक आली. माझं मॅट्रिकचं वर्ष. तोवर लोकसभा आणि विधानसभा बरोबर व्हायच्या, त्या वर्षी लोकसभा पहिल्यांदाच एकटी आली. सकाळी गारवा, दुपारी चटका, शिरीषाच्या शेंगा वाजायला लागलेल्या, आणि भूगोलाच्या पुस्तकाच्या कडांवर मी अक्षरांची वळणं गिरवत बसलेली. त्या वर्षी एक अपक्ष उमेदवार उभे होते. गणिताचे निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना नुसतं मास्तर म्हणत. चिन्ह सायकल. अख्खं पुणं सायकलवर असताना हेच चिन्ह मिळालं, म्हणून त्यांचे जोगळेकर हुरळून गेले होते. जोगळेकर म्हणजे मास्तरांचे प्रचारप्रमुख, कार्यकर्ते, घोषणा देणारे आणि घोषणा ऐकणारेही. त्यांनी कोथरूडच्या रस्त्यावरची एक लांबलचक भिंत मिळवली आणि काम अब्बांना दिलं.

अब्बा शिडी खांद्यावर घेऊन सायकल चालवायचे. वर्षानुवर्षं चालवायचे, त्यामुळे आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. लकडी पुलावर एका टांग्याच्या घोड्याला मात्र वाटलं. अब्बा पडले, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तोवर जोगळेकर दुकानात येऊन बसले होते.

"पेंटर, हात कुठला मोडला?"

"उजवा."

"डावा मोडला असता तर बरं झालं असतं."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवतो," अब्बा म्हणाले.

जोगळेकर उठले. "मग मला दुसरा पेंटर बघावा लागेल. मतदान तोंडावर आलंय."

"मी लिहिते," मी म्हणाले. आवाज माझाच होता हे मला थोडं उशिराच कळलं.

"बेटा, तू आत जा."

पडद्यामागून अम्मी म्हणाली, "आत जाऊन काय करेल? आतल्या सगळ्या भिंती तिच्या भरून झाल्यात."

अब्बांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिडी कोण धरणार?"

"मी धरते," अम्मी म्हणाली.

जोगळेकरांनी टोपी घातली. "मला अक्षराशी काम. वर कोण आहे ते बघायला मला सवड नाही." आणि ते निघून गेले. अब्बांनी हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याची बादली, सरस, काजळी आणि निळीची दोरी दाराशी काढून ठेवलेली होती, आणि डाव्या हाताने कुणी कधी न बांधलेल्या वेड्यावाकड्या गाठीत ब्रश बांधलेले होते.

कोथरूड तेव्हा गावच होतं. आजची सोसायटी, क्लास, दुचाक्यांचे थवे यातलं काही नव्हतं. शेतं होती, विहिरी होत्या आणि संध्याकाळी घरी परतणारी गुरं होती. भिंत शंकरनानांच्या गोठ्याची होती. नाना जुने शेतकरी, सकाळपासून अंगणात बाजेवर बसून रस्त्यावर लक्ष ठेवायचे. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि मागे कुणी येतंय का ते बघितलं.

"पेंटर कुठं हाय?"

"मीच."

"आन् ह्या?"

"माझी अम्मी. शिडी धरायला."

नानांनी शिडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "पडलीस तर म्हशी बुजत्याल माझ्या. बेतानं चढ."

मी चढले. शिडीवरून पहिल्यांदा रस्ता दिसला तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. सायकलींची रांग, टोप्या, डबे, कॉलेजची मुलं, आणि त्या सगळ्यांच्या वर मी. भीती वाटली नाही. आनंद झाला. दोरी अम्मीने एका टोकाला धरली, फट्‌ वाजलं, आणि मास्तरांचं नाव मी तिसऱ्या प्रहरापर्यंत उभं केलं. अक्षरं चांगली आली होती. मला कळत होतं.

मग सायकल. अब्बा ती हातानेच काढायचे, पण मला धीर नव्हता. त्यांच्या जुन्या एका सायकलच्या चित्रावरून मी पुठ्ठ्याचा साचा कापून आणला होता. भिंतीवर धरला तर सायकलचं तोंड उजवीकडे, आणि शाळा डाव्या हाताला. अब्बांचा नियम मला पाठ होता. मी साचा उलटा केला. तोंड डावीकडे झालं, शाळेकडे झालं. आपल्याला हे किती पटकन सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. काळा रंग भरला, चेनचं झाकण लाल केलं, आणि खाली उतरले.

संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या. पहिला सायकलवाला एक पाय टेकवून थांबला. मग दुसरा.

"चेन डाव्या बाजूला कधीपासून यायला लागली?"

"नवीन मॉडेल असेल."

"अपक्षांची आहे. त्यांचं सगळं वेगळं असतं."

"मास्तर गणिताचे हो. यंत्र त्यांचा विषय नव्हता."

दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक खपली असती. पण इथे जो तो रोज सायकलवर बसणारा, चेन पडली की रस्त्याच्या कडेला हात काळे करणारा. सायकलची चेन उजव्या अंगाला असते हे पुण्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक. मी ओढणी तोंडावर घेतली. अम्मीने शिडी उचलली. नाना बाजेवरून उठून गोठ्यात गेले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

जोगळेकर घरी आले. "लोक थांबतात तुमच्या भिंतीपाशी," ते अब्बांना म्हणाले. "हसायला थांबतात. उद्या नीट झाली तर ठीक. नाहीतर चुना फासून दुसऱ्याला देतो. आणि मुली, साचा पुन्हा सरळ कर आणि मोकळी हो. उजवीकडे तर उजवीकडे."

"मग ती शाळेकडून परत येताना दिसेल," मी म्हणाले.

"येऊ दे परत. निदान चेन तरी जागेवर राहील."

"नाही," मी म्हणाले. अब्बांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, सायकलला दोन बाजू असतात. दुसरी कधी नीट बघितलीस का?" मी बघितली नव्हती. साच्याला एकच बाजू होती.

दुसऱ्या दिवशी अब्बाही टांग्यातून आले आणि नानांच्या बाजेवर नानांशेजारी बसले. मी सगळी सायकल चुन्याने पुसून काढली. पांढरी ओली भिंत, हातात कोळसा, आणि समोर कामाला निघालेलं शहर. कालची बातमी सगळीकडे गेलेली असल्यामुळे थांबणारे मुद्दामच थांबत होते. त्यातल्या एका कारकुनाला मी म्हटलं, "काका, जरा तुमची सायकल उभी करता का? डावी बाजू माझ्याकडे करून."

"मला ऑफिस आहे."

"थोडा वेळ."

"सायकल सोडून मी जाणार नाही," ते म्हणाले, आणि डबा मांडीवर घेऊन दगडावर बसले. ऑफिसला ते त्या दिवशी गेले की नाही मला माहीत नाही.

मी त्यांच्या सायकलकडे बघत राहिले. या बाजूने चेन दिसतच नव्हती, नुसता पायडल आणि त्याचा दांडा. इकडे पुढच्या चाकाला टेकलेला डायनॅमो होता, मागच्या चाकाचं गोल कुलूप, महापालिकेचा सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला. आयुष्यभर मी सायकली बघत होते आणि ही बाजू मी पहिल्यांदा बघत होते. चाकांसाठी अम्मीने भिंतीवर खिळा धरला, मी दोरी फिरवली. दोन वर्तुळं झाली. पुढे दोरी नाही, साचा नाही. फक्त हात.

मागून बोलणं चालूच होतं. मग त्यात फरक पडत गेला. आधी टोमणे होते, नंतर सूचना यायला लागल्या. "मडगार्ड जरा पुढे." "सीटचं नाक वर घे, नाहीतर माणूस घसरेल." आणि मग तेही कमी झालं. मधला दांडा काढताना माझा हात अडला. उतार किती धरावा कळेना. बाजेवरून अब्बा उठल्याचं मला न बघता कळलं. ते दोन पावलं पुढे आले.

"अब्बा," मी शिडीवरूनच म्हणाले, "तुम्ही बसा."

अशा आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. अम्मीची शिडीवरची पकड घट्ट झाली. नाना अब्बांना म्हणाले, "बसा हो पेंटर. ती बघंल तिचं." आणि अब्बा बसले. मी दांडा ओढला, एका दमात. तो बरोबर पडला. हातालाच कळलं ते, डोळ्यांना नंतर.

ऊन चढलं तेव्हा भिंतीवर माणसाहून मोठी सायकल उभी होती. काळी, तकतकीत, तोंड शाळेकडे. बिल्ला पिवळा केला होता, कुलूप उघडं ठेवलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "कुलूप उघडं दाखवलंय." लगेच दुसऱ्याने उत्तर दिलं, "चालती सायकल आहे. चालत्या सायकलला कुलूप कोण लावतं?" कुणी हसलं नाही. कारकून उठले, आपल्या सायकलच्या सीटवरून हात फिरवला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझी इतकी चांगली नाही." जोगळेकर आले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. चष्मा पुसला.

"चालेल," ते म्हणाले.

पुण्यात याहून मोठी दाद मी पुढे क्वचितच ऐकली. मी शिडीवरून उतरले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं म्हणून लाजही वाटत नव्हती. आम्ही टांग्याने घरी निघालो. आळीच्या तोंडाशी टांगा थांबला तेव्हा मी ब्रशांचं गाठोडं उचलायला गेले, तर त्यांनी ते आपल्या डाव्या हातात घेतलं. आजवर ते मी उचलायचे.

निवडणूक झाली. मास्तर पडले, आणि चांगलेच पडले. निकालानंतर ते त्या भिंतीपाशी आले होते, नानांनी पुढे सांगितलं. सायकल कडेला लावली, टोपी काढली, बराच वेळ बघत राहिले. नाना म्हणाले, "वाईट झालं मास्तर." तर मास्तर म्हणाले, "इथे तरी मी शाळेपर्यंत पोचलो की." नानांनी त्या भिंतीला पुढे बरीच वर्षं चुना लावू दिला नाही. मोठ्या पक्षांची माणसं खूण करायला आली की ते सांगायचे, "ही भरल्याली हाय. फुडं बघा."

माझं पहिलं मत सत्त्याहत्तरचं. त्याआधी आणीबाणीत कितीतरी दिवस भिंती मुक्या होत्या, लिहायची सोय नव्हती आणि बोलायचीही नव्हती. आणि मग एकदम निवडणूक लागली. शहराने इतक्या दिवसांचं सगळं एका महिन्यात लिहून काढलं. मी आणि अम्मी सकाळी निघायचो ते दिवेलागणीला यायचो. मतदानाच्या दिवशी शाई लावणाऱ्या बाबूने माझा हात हातात घेतला आणि त्याला जागा सापडेना. दहाही बोटं रंगाची. त्याने शेवटी नखाच्या कडेला एक कोरा ठिपका शोधला. "बाई, एवढ्या वेळा मत दिलंत की काय?" तो म्हणाला. मी म्हटलं, "पहिलंच आहे." शिक्का मारून बाहेर आले तेव्हा उन्हात उभं राहून मी मुद्दाम बोट बघितलं. इतक्या भिंती मी दुसऱ्यांच्या नावांनी रंगवल्या होत्या. हा ठिपका माझ्या नावाचा होता. त्या निवडणुकीत देशभर सरकारचं सरकार उलटलं, पण त्या दुपारी मला त्या ठिपक्याचंच मोठं वाटत होतं.

पुढे पुष्कळ झालं. बैलजोडी कधीचीच गेली, चिन्हं बदलली, पक्ष फुटले आणि जुळले. काहींची नावं मी इतक्या वेळा बदलून लिहिली की ब्रशलाच सवय झाली. पेट्यांच्या जागी यंत्रं आली, शिक्क्याच्या जागी बटण. भिंतींवर लिहायला बंदी आली आणि शहर स्वच्छ झालं, हे मला मान्य आहे. मतदारसंघाच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या. कोथरूडला स्वतःचा आमदार मिळाला, आणि खडकवासल्याकडचे लोक लोकसभेला आता आपले राहिले नाहीत. आमच्या नळाला त्यांच्या धरणाचं पाणी, आणि खासदार वेगळे. कर्वेनगरच्या कॉलेजात मी मुलींना अक्षरलेखन शिकवायला जाते. परवा तिथल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, तुमच्या टाइमला गर्ल्स पेंटर्स किती होत्या?" मी म्हटलं, एक तर नक्की होती. ती मुलगी मान खाली घालून दोरी ताणायला लागली. तिच्या दोरीचा फट्‌ आवाज आला आणि मला बरं वाटलं. नानांचा गोठा गेला. तिथे काचेची इमारत आहे. मला त्याचं दुःख नाही. एवढ्या वर्षांत भिंती बऱ्याच गेल्या, पण रांगेत उभं राहणारी माणसं दर वेळी आली, आणि ती भिंतींसारखी कुणाच्या नावाने खूण करून ठेवलेली नव्हती.

त्या सायकलच्या पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक होती. अब्बांचा हात बरा झाला होता. मॅट्रिक पास होऊनही मी दुकानात होते, आणि कुणी काही विचारलं नव्हतं. एका सकाळी समोरच्या कापडवाल्याचा बोर्ड रंगवायला मी शिडीवर चढले होते. आळीत एक जीप आली. मोठ्या पक्षाची, उमेदवार नक्की निवडून येणार अशी सगळ्यांची खात्री असलेली. त्यातून दोन माणसं उतरली. अब्बा दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते.

"पेंटर आहेत का?" त्यातल्या एकाने विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाला अब्बा उठून उभे राहायचे. मी वरून बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली. उठले नाहीत.

"आहे," अब्बा म्हणाले, आणि बोटाने वर दाखवलं. "काम चालू आहे तिचं. उतरली की बोलेल. तोवर थांबा."

ती दोन माणसं मोठ्या पक्षाची होती. पण थांबली.